लग्नाआधी वजन उतरवायचंय? आधी शेवटच्या फिटिंगची तारीख लिहून काढा

लग्न ठरलं की कॅलेंडरवर लग्नाच्या तारखेभोवती गोल काढायचा, उरलेले आठवडे मोजायचे, त्यात किती किलो बसतात ते बघायचं आणि सोमवारपासून सुरू. जवळपास प्रत्येकजण असंच करते आणि इथेच गणित फसतं. कारण कपडे लग्नाच्या दिवशी शिवून होत नाहीत, ते दोन-तीन आठवडे आधीच फायनल झालेले असतात. म्हणजे जे काय उतरवायचंय ते त्या मापाच्या आधी उतरलेलं पाहिजे आणि मापानंतर तिथेच थांबलेलं पाहिजे.

मी स्वतः हा घोळ घातलेला आहे. फिटिंगच्या आधीचे आठ दिवस जवळजवळ सूप आणि काकडीवर काढले, माप एकदम झकास आलं, टेलरने दोन्ही बाजूंनी कापड आत घेतलं. मग घरात पाहुणे आले, मी माणसासारखी जेवायला लागले आणि दोन किलो जसेच्या तसे परत. लग्नाच्या सकाळी पाठीची चेन मधोमध येऊन अडकली ती दोन बोटं वर जाईना, बहीण मागून "श्वास सोड, सगळा सोड" म्हणत ओढतेय, दोघींना घाम, मेकअपवाली दारात उभी. शेवटी चार सेफ्टी पिना आणि वरून ओढणी. फोटोत दिसत नाही, पण दिवसभर मी काठी गिळल्यासारखी बसले होते.

तेव्हापासून ओळखीत कोणाचं लग्न ठरलं की मला मेसेज येतो आणि प्रश्न तोच असतो, "काय खाऊ?" तो प्रश्न खरं तर पाचव्या पायरीवरचा आहे. आधीच्या चार गाळल्या की पाचवी टिकत नाही, म्हणून खाली क्रमानेच लिहितेय.

१. मुळात उतरवायचंय का, ते बघा

हे पटकन होतं. वजन किलोमध्ये घ्या, उंची मीटरमध्ये घ्या, उंचीला उंचीने गुणा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. हा झाला बीएमआय. उदाहरणार्थ उंची १.५८ मीटर आणि वजन ६२ किलो असेल तर साधारण २४.८ येतो. १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २५ ठीक, पण आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हायला सांगतात कारण आपल्याकडे चरबी पोटाभोवती लवकर साठते. दुसरी चाचणी याहून सोपी आहे, कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १५८ सेंटीमीटर उंचीला ७९ च्या आत.

दोन्ही ठीक असतील आणि तरी "अजून थोडी बारीक" असं वाटत असेल तर तुम्हाला बहुतेक वजन नाही, फिटिंग आणि पोश्चर सुधारायचंय. सरळ सहाव्या पायरीवर जा, तिथून नववी आणि दहावी वाचा, बाकीचं सोडून द्या.

⚠️ थांबा: बीएमआय १८.५ च्या खाली असेल, प्रेग्नंट असाल किंवा पूर्वी कधी खाणं सोडून देणं, खाऊन उलटी काढणं असं काही झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. लग्नाचा ताण आणि सतत वजन मोजणं यामुळे ते जुनं दुखणं परत डोकं वर काढू शकतं. डॉक्टरांशी बोला.

२. तारखा उलट्या मोजा

कागद घ्या, मोबाईलमध्ये नको, कागदच घ्या. सगळ्यात खाली लग्नाची तारीख लिहा. तिच्या वर तीन आठवडे आधीची तारीख, ही शेवटची फिटिंग. तिच्या वर अजून दोन आठवडे, हे वजन स्थिर करायचे, म्हणजे ह्या दोन आठवड्यात कमी काहीच करायचं नाही. आणि कागदाच्या डोक्यावर एक आठवडा तपासण्या आणि मोजमापाचा. उरलं ते तुमचं खरं भांडवल.

समजा आज लग्नाला २४ आठवडे आहेत. त्यातून ३ गेले, २ गेले, १ गेला, राहिले १८. वजन उतरायचा सुरक्षित वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो धरतात, मी अर्धाच धरायला सांगते. म्हणजे कागदावर ९ किलो. आता त्यातून एक तृतीयांश काढून टाका, कारण मध्ये एकदा सर्दी-ताप येणार, एक प्रवास येणार, खरेदीच्या नावाखाली पाच-सहा वेळा बाहेर जेवण होणार. राहिले ६. सत्तर किलोच्या मुलीला सहा किलो म्हणजे वजनाच्या आठ-नऊ टक्के झाले आणि सहा महिन्यात पाच ते दहा टक्के हेच डॉक्टरही चांगलं उद्दिष्ट मानतात. तर सहा लिहा. बारा लिहिलंत की चौथ्या आठवड्यात रडू येईल.

आठच आठवडे राहिले असतील तर? आठातून तीन आणि दोन गेले, तपासण्यांचा आठवडाही आहेच, म्हणजे हातात दोन आठवडे, फार तर तीन. तेवढ्यात एक-दीड किलो उतरेल, तेवढ्यावर समाधानी राहा आणि जोर पोट न फुगण्यावर आणि ताठ उभं राहण्यावर द्या. एक महिन्याहून कमी असेल तर वजन उतरवायचा विचारच सोडा.

आणि कपड्यांचं. "तोपर्यंत मी बारीक होईन" म्हणून एक साईझ लहान ऑर्डर करायची नाही. कधीच नाही. आजच्या मापाचं घ्या आणि टेलरला शिवणीत मार्जिन ठेवायला सांगा. आत घेता येतं, पण नसलेलं कापड कुठून आणणार?

✔ तपासा: कागदावर शेवटच्या फिटिंगची तारीख आहे का? टेलरची अपॉइंटमेंट त्याच दिवसाची मिळालीये का? नसेल तर आधी फोन करा, डाएट नंतर.

३. डॉक्टर आणि रक्त

सगळे हा भाग गाळतात आणि तीन महिन्यांनी म्हणतात "मी एवढं करतेय तरी उतरतच नाही". सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉईड म्हणजे टीएसएच, तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी, लोह साठा दाखवणारं फेरिटिन, बी-ट्वेल्व्ह आणि डी जीवनसत्त्व एवढं करून घ्या. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस किंवा खूप पिंपल्स असतील तर पीसीओएसबद्दल (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास) मोकळेपणाने विचारा. थायरॉईड कमी काम करत असेल तर नुसतं कमी खाऊन चिडचिडच होईल, आणि हिमोग्लोबिन कमी असताना व्यायाम सुरू केला तर जिना चढतानाच धाप लागेल.

इथे एक बारीक गोष्ट जी फार जणींना माहीत नसते. केसांसाठी आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल (लग्न ठरल्यावर निम्म्या मुली घेतातच) तर त्यामुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, ते किती दिवस आधी गोळी बंद करायची ते सांगतील.

वजन कमी करायच्या इंजेक्शनबद्दल आता प्रत्येकजण विचारतं. ही औषधं आहेत, ब्युटी पार्लरची ट्रीटमेंट नाही. कोणाला द्यायची हे डॉक्टर वजन आणि बाकीचे आजार बघून ठरवतात, लग्नाची तारीख बघून नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे त्रास. आणि लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर हे नीट वाचा: ह्या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड नावाचं औषध प्रेग्नन्सीचा प्रयत्न करायच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं आणि टिर्झेपाटाइड नावाच्या दुसऱ्या औषधामुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. मैत्रिणीच्या फ्रीजमधलं उरलेलं इंजेक्शनचं पेन घेणं हा प्रकार तर करूच नका. मूल लवकर हवं असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधीपासून सुरू करतात, तेही ह्याच भेटीत विचारून घ्या, दुसऱ्यांदा जायला वेळ मिळणार नाही.

४. पहिला आठवडा: फक्त मोजा, काही बदलू नका

हो, काहीही बदलायचं नाही. जे नेहमी खाता तेच खा, फक्त लिहा. चहाबरोबरचं बिस्किट, भाजी ढवळताना चाखलेला चमचा, भाच्याच्या ताटातलं उरलेलं, सगळं. आठवड्याने वही उघडून बघितलं की निम्मी उत्तरं तिथेच सापडतात. एका बहिणीच्या वहीत काय निघालं सांगू? दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्यात साधारण १६ कॅलरी म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० रोज, आणि बाई म्हणत होती मी गोड खातच नाही.

वजन कसं करायचं, कारण इथे फार गोंधळ आहे. सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच काट्यावर, काटा कडक फरशीवर ठेवून. रोजचा आकडा लिहायचा पण त्याच्याकडे बघून खूश किंवा नाराज व्हायचं नाही, आठवड्याची सरासरी काढायची. हे बघा एका खऱ्या वाटेल अशा आठवड्याचे आकडे: ६४.२, ६३.८, ६४.९, ६४.१, ६३.९, ६४.४, ६४.०. सरासरी ६४.२. आता फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाकडे बघितलं तर एका रात्रीत अकराशे ग्रॅम वाढले, आणि तेवढ्यावरून मुली दुसऱ्या दिवशी उपाशी राहतात. ते बहुतेक आदल्या रात्रीचं खारट जेवण असतं, चरबी नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, एवढं जास्तीचं एका रात्रीत खाणं कोणाला जमणारे?

पाळीच्या आधी शरीरात पाणी साठून एक-दोन किलो वाढू शकतात. म्हणून ह्या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्याच्या ह्याच आठवड्याशी करा, चित्र जास्त खरं दिसतं.

टेपने कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पोट आत ओढून मोजायचा मोह सगळ्यांना होतो. फसवताय कोणाला?

रोज काट्यावर उभं राहून दिवस खराब जात असेल तर वजन सोडून द्या, आठवड्यातून एकदा टेप लावा, तेवढं पुरतं.

५. आता ताट

क्रम लक्षात ठेवा: आधी प्रोटीन वाढवा, मग भाज्या वाढवा, मग प्यायची साखर काढा, आणि सगळ्यात शेवटी धान्य आणि तेल कमी करा. बहुतेकजणी उलटं करतात, पहिल्याच दिवशी भात बंद, सगळंच बंद, आणि त्या जागी काहीच नाही. चार दिवसात संध्याकाळी सहा वाजता फ्रीजसमोर उभ्या.

प्रोटीन किती? वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ग्रॅम. साठ किलोला ७२ ग्रॅम, तीन जेवणात वाटलं तर प्रत्येक वेळी २४. आता २४ म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणा: एका अंड्यात सहा ग्रॅम, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये तीसच्या आसपास, मोठी वाटीभर (२०० ग्रॅम) घट्ट शिजवलेल्या मसुरीत अठराच्या आसपास, १०० ग्रॅम साध्या दह्यात तीन-चार. म्हणजे शाकाहारी असाल तर पातळ वरणाच्या एका वाटीने काही होत नाही, घट्ट डाळ किंवा कडधान्य अधिक दही अधिक सोयाबीन असं जोडून आणावं लागतं. कडधान्यं एकदम वाढवली तर पोटात ढगफुटी होते, तर दर चार-पाच दिवसांनी थोडी थोडी वाढवा आणि पाणी जास्त प्या. (किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.)

ताटाचा हिशोब डोळ्याने करा, वजन करत बसू नका. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रोटीन, पाव ताट तुमच्या घरी जे धान्य चालतं ते. आधी भाजी आणि प्रोटीन खायला लागा, धान्य नंतर, आपोआप कमी जातं. तेल मात्र मोजा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरीच्या आसपास, आणि बाटलीतून थेट ओतलं की ते एक चमचा कधीच नसतं.

नेहमीच्यापेक्षा दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी कमी, एवढंच पुरे. १२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जायचं नाही, आणि ८०० च्या खालची डाएट तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करतात.

⚠️ क्रॅश डाएटबद्दल, आणि इथे जरा थांबूनच वाचा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात ते बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेली साखर, ग्लायकोजेन म्हणतात तिला, स्वतःबरोबर जवळपास तिप्पट पाणी धरून ठेवते. खाणं तोडलं की साखर संपते, पाणी जातं, काटा खाली येतो. नीट जेवलात की परत. माझी चेन अडकली ती ह्याच पाण्याने. पण पाणी परत येतं हा छोटा तोटा. मोठा तोटा केसांचा. उपासमारीचा धक्का बसला की केसांची मुळं विश्रांतीत जातात आणि ते केस लगेच गळत नाहीत, दोन ते तीन महिन्यांनी गळतात. तारखा जुळवून बघा. लग्नाच्या तीन महिने आधी जिने क्रॅश डाएट केलं तिचे केस नेमके लग्नाच्या आठवड्यात पुंजक्याने हातात येणार. मी फिटिंगच्या आधी केलं म्हणून माझे लग्नानंतर गेले, बाथरूमच्या जाळीवर रोज सकाळी उंदराएवढा गोळा, आणि मी शॅम्पूला शिव्या देत होते. खूप झपाट्याने वजन उतरवल्यावर पित्ताशयात खडे व्हायची शक्यताही वाढते.

ज्यूसवर राहणं, डिटॉक्स वगैरे ह्याच पोटातले प्रकार. ज्यूसमध्ये प्रोटीन जवळजवळ नसतं, त्यामुळे स्नायू जातात. "स्लिमिंग टी" मध्ये बऱ्याचदा जुलाबाचं औषध असतं, त्याने पाणी आणि पोटॅशियम जातं, चरबी जागच्या जागी.

✔ दोन आठवड्यांनी तपासा: जेवणानंतर तीन-चार तास भूक थांबते का? संडास रोज साफ होते का? दुपारी गरगरतं का? पाळी वेळेवर आली का? पाळी चुकली (आणि प्रेग्नन्सी नसेल) तर शरीर सांगतंय की खाणं कमी पडतंय. खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

६. व्यायाम, पण ह्याच क्रमाने

पहिले दोन-तीन आठवडे चालणं, बास. रोज अर्धा तास, असा वेग की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातले पाच दिवस धरले की १५० मिनिटं झाली, जागतिक आरोग्य संघटना किमान तेवढंच सांगते. त्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायामही सांगते आणि मुली हाच भाग टाळतात, म्हणे दंड मोठे होतील. होत नाहीत. उलट कमी खाताना ताकदीचे व्यायाम नसले तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात, वजन कमी दिसतं पण अंग लिबलिबीत राहतं.

काय करायचं: खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, भिंतीला हात टेकून पुशअप (नंतर टेबलाला, मग जमिनीवर), रबरी बँड किंवा भरलेली पिशवी घेऊन मागे ओढायचे रोइंग, जमिनीवर झोपून कंबर वर उचलणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, सगळे सहज झाले तर वजन वाढवा. रोइंग सोडू नका, खांदे मागे जातात, मान लांब दिसते, आणि लग्नाच्या फोटोत ह्याने जो फरक पडतो तो तीन किलोने पडत नाही. हे माझं ठाम मत आहे.

फक्त दंडाची किंवा फक्त पोटाची चरबी व्यायामाने निवडून काढता येत नाही. शरीर कुठून आधी काढणार ते शरीरच ठरवतं, चेहरा आधी की कंबर आधी ह्यावर आपला काही कंट्रोल नाही.

शेवटच्या दोन महिन्यात लग्नाचे सँडल किंवा शूज घालून घरात रोज दहा मिनिटं चाला. पोटऱ्यांना सवय होते आणि फोडही आधीच येऊन जातात.

⚠️ छातीत दुखलं, डोळ्यासमोर अंधारी आली, गुडघ्यात कळ आली की थांबा. "दुखतंय म्हणजे काम करतंय" हे स्नायूच्या ठणक्याबद्दल खरं असेल, सांध्याबद्दल नाही.

७. झोप आणि बाहेरची जेवणं

झोप सात तास. कमी झोपलात की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळलेलंच हवं वाटतं, ह्यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही. रात्री दीड वाजता डेकोरेशनचे फोटो बघणं बंद करा, फुलं सकाळीही तीच असतात.

बाहेर जेवायला जायच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहायचं नाही, मग तिथे जाऊन दुप्पट खाल्लं जातं. दुपारचं जेवण नेहमीसारखं घ्या, तिथे एक ताट वाढून घ्या, बसून खा, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून काही करू नका, पुढचं जेवण नेहमीचं. काकू-मावश्या आग्रह करणार, "आता खाशील नाहीतर कधी". थोडं घ्या, कौतुक करा, विषय बदला. वाद घालू नका, वाद घातला की दुप्पट वाढतात.

८. काटा अडला तर

तीन आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागची हलली नाही तरच अडला म्हणायचं. काटा स्थिर पण कंबर कमी होतेय तर काम चालू आहे, हात लावू नका.

खरंच अडला असेल तर परत चौथ्या पायरीवर, एक आठवडा सगळं लिहा. दहातल्या आठ जणींच्या वह्यांत, माझ्या अंदाजाने, चाखणं आणि तेल परत वाढलेलं निघतं. तसं नसेल तर एकच गोष्ट बदला, वीस मिनिटं चालणं वाढवा किंवा धान्य थोडं कमी करा, आणि दोन आठवडे थांबा. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने काम झालं ते कळणारच नाही.

९. फिटिंगच्या आधीचे दोन आठवडे: ब्रेक लावा

उद्दिष्ट पूर्ण झालं नसेल तरी ब्रेक. दीड किलो राहिला म्हणून इथे कोणी दोन दिवस उपास केला की सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः पाण्यात. खाणं थोडं वाढवा, दिवसाला २००-३०० कॅलरी, म्हणजे धान्य पूर्वीसारखं आणि मूठभर सुकामेवा. चार-पाचशे ग्रॅम वाढतील, घाबरू नका, ते यायलाच हवेत. लग्नाच्या दिवशी तुम्ही अशाच असणार आहात आणि कपडा ह्याच अंगावर बसवायचा आहे.

फिटिंगला सकाळी उपाशीपोटी जायचं नाही, जेवून जा. लग्नात जी आतली ब्रा आणि जे शूज घालणार तेच घालून जा. आणि नुसतं आरशासमोर उभं राहून "छान बसलंय" म्हणू नका. खुर्चीत बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, खाली वाकून काहीतरी उचला, खोल श्वास घ्या, पाच मिनिटं तसंच बसून राहा. कुठे काचतं ते तेव्हा कळतं. पाळी जर लग्नाच्या आसपास येणार असेल तर टेलरला कंबरेत एक बोट सैल ठेवायला सांगा.

१०. फिटिंग ते लग्न

ह्या तीन आठवड्यात नवीन काही नाही. नवीन डाएट नाही, नवीन सप्लिमेंट नाही, कोणी सुचवलेला नवीन व्यायामाचा क्लास नाही. नवा जोरदार व्यायाम केला की स्नायू दोन-तीन दिवस ठणकतात आणि पाणी धरून सुजल्यासारखे होतात. जुना व्यायाम चालू ठेवा, शेवटचे तीन-चार दिवस फक्त चालणं.

पोट फुगू नये म्हणून शेवटच्या आठवड्यात सोडा वॉटर आणि कोल्ड्रिंक बंद, शुगर-फ्री च्युइंगगम आणि गोळ्या बंद (त्यातल्या सॉर्बिटॉलने, म्हणजे साखरेऐवजी घातलेल्या गोडव्याने, गॅस होतो), कडधान्यं त्रास देत असतील तर शेवटचे दोन-तीन दिवस त्याऐवजी अंडी, मासे, दही. मीठ नेहमीसारखं पण पॅकेटचं आणि हॉटेलचं कमी. पाणी पिणं बंद करायचं नाही, चेहरा सुकतो आणि डोकं दुखतं, बाकी काही होत नाही. पाणी काढायच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, घाम काढायचा सॉना सूट, ह्यातलं काहीही नको.

पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. ती पाळीच्या काही दिवस आधीपासून सुरू करावी लागते, आणि काहींना तिने पोट फुगतं, स्तन जड होतात. रक्ताची गुठळी होण्याचा त्रास स्वतःला किंवा घरात कोणाला झाला असेल तर ते आवर्जून सांगा. आदल्या दिवशी मेडिकलमधून आणून काही उपयोग नाही.

✔ तपासा: लग्नाच्या आठ दिवस आधी कपडा एकदा घालून बघा. घट्ट वाटला तर टेलरला फोन, जेवणाला कात्री नाही. ह्या आठ दिवसात शिवण उसवता येते, चरबी नाही.

११. लग्नाच्या दिवशी

सकाळी खा. मेकअपच्या खुर्चीत बसायच्या आधी, कपडे घालायच्या आधी, पोटाला सवय असलेलंच काहीतरी, अंडी किंवा दही आणि थोडं धान्य. उपाशीपोटी, घट्ट कपड्यात, दिव्यांच्या उकाड्यात तासन्‌तास उभं राहिलं तर चक्कर येणारच, आणि चक्कर आलेली नवरी बारीक आहे की जाड हे कोणी बघत नाही. नंतर दर दोन-तीन तासांनी दोन-चार घास. स्ट्रॉ लावलेली पाण्याची बाटली ठेवा, लिपस्टिक जात नाही.

आणि तुमचा खाऊचा डबा आईकडे देऊ नका, तिला त्या दिवशी स्वतःचं जेवायचंही भान नसतं. जी मैत्रीण फोटोत फारशी नसणार, जिच्यावर दुसरं काही काम नाही, तिच्याकडे द्या. डबा, बाटली, रोजच्या गोळ्या, दोन सेफ्टी पिना. आणि तिला आधीच बजावून ठेवा की मी "नको" म्हटलं तरी दर दोन तासांनी समोर आणून धर.